डाव्या पायाची चप्पल

पुंजा भोयेच्या चपलांचा जोड कधीच सारखा झिजला नाही. उजवी चप्पल वर्षभरात टाचेपाशी कागदासारखी पातळ व्हायची आणि डावी मात्र दुकानातून आणल्यासारखी दिसायची. जीपमध्ये चढला की तो आधी डावी चप्पल काढून सीटखाली सरकवायचा आणि मगच चावी फिरवायचा. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. पेठ रस्त्यावरच्या टपऱ्यांवर नुसतं ‘एका चपलेचा उस्ताद’ म्हटलं तरी माणूस कळायचा.

त्यानं शिकवलेले ड्रायव्हर नाशिकपासून पार गुजरातच्या हद्दीपर्यंत होते. पोरगं शिकायला आलं की तो त्याला डावी चप्पल काढायला लावी, जीप चढावर उभी करी आणि डोळे मिटायला सांगी. ब्रेक डोळ्यानं मारायचा, रेस कानानं द्यायची, पण क्लच तळपायानंच ओळखायचा, असं त्याचं म्हणणं. क्लच हळूहळू सोडताना एका जागी पायाखाली बारीक थरथर लागते. तिथं गाडी इंजिनाला धरते. ती जागा डोळे मिटून दहादा सापडली, की मग पोराला घाटात न्यायचं. ज्याला सापडत नसे त्याला तो सरळ सांगे, बाबा रे, तू दुसरं काही काम बघ.

गेल्या दिवाळीनंतर ती जागा पुंजाला स्वतःला सापडेनाशी झाली.

आधी डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या, मग त्या गेल्या आणि त्यांच्यामागोमाग अंगठाही गेल्यासारखा झाला. थंडीत एका सकाळी शेकोटीपाशी बसला असताना बायको भागीबाई ओरडली, म्हणून त्यानं खाली पाहिलं. त्याचा तळपाय निखाऱ्यावर होता. कातडी जाड झालीय, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली. पण त्याच आठवड्यात एकटाच नाशिकला हाडांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं कमरेचा फोटो उजेडात धरून दाखवला. मणक्यापाशी नस दाबली गेली होती. ऑपरेशन करून बघता येईल, पण पाय किती परत येईल ते सांगता येणार नाही. आणि तोवर गाडी चालवायची नाही. पुंजानं मान हलवली, तो फोटो दुमडता येत नाही तरी दुमडला आणि जीपच्या सीटखाली, चपलेच्याही मागे ढकलून दिला.

त्यानं कोणालाच सांगितलं नाही. पहाटे पाड्यावरच्या नऊ बाया जीपमध्ये बसवून गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सोडायच्या आणि संध्याकाळी द्राक्षबागांतून परत आणायच्या, हा त्याचा रोजचा धंदा. येता-जाता घाट. पाय गेला म्हटलं तर जीप गेली, आणि जीप गेली तर पुंजा भोये नावाचं काय उरतं, ते त्याला दिसत नव्हतं.

म्हणून त्यानं पायाचं काम कानाला दिलं. जुनं डिझेल इंजिन बोलकं असतं. क्लच पकडायला लागला की त्याचा आवाज जरा दबतो, गळ्यात घास अडकल्यासारखा. तो दबला की पाय तिथंच थांबवायचा. पाय पॅडलवर आहे की नाही, ते सुरुवातीला एकदा डोळ्यानं बघून घ्यायचं. महिन्याभरात हे इतकं जमलं की मागे बसलेल्या बायांना काही कळलंही नाही. डाव्या पायाच्या अनवाणी सवयीनं तर त्याला वाचवलंच. एकदा बाजारातून येताना डावी चप्पल पायातून कधी निसटली ते त्याला समजलं नाही, तसाच घरापर्यंत आला. टपरीवरची माणसं हसली. उस्ताद आता चालतानाही क्लच दाबतोय, म्हणाली. पुंजाही हसला.

मे महिन्यात लेकीचा फोन आला. ज्योत्स्ना घाटापलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स होती आणि नाशिकला म्हसरूळमध्ये राहत होती. नवरा मयूर ओझरच्या विमान कारखान्यात पाळीवर जायचा. चार वर्षं तिनं शेअर जीपच्या मागच्या फळीवर बसून ये-जा केली होती. आता नोकरी कायम झाली होती आणि ती जुनी का होईना, गाडी घेणार होती. लायसन होतं, पण घाटात ती कधी चालवत गेली नव्हती. मयूर म्हणत होता ऑटोमॅटिक घे, घाटात क्लच दाबून दाबून पाय दुखेल. पण हे बाबांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं तिनं त्याला बजावलं होतं. पावसाळ्यात बाया आपापल्या भातशेतीत असतात, जीप उभीच असते. तेवढे दोन महिने बाबांनी म्हसरूळला राहायचं, रोज तिच्याबरोबर गाडी घेऊन यायचं आणि तिला घाट शिकवायचा.

“तुम्ही म्हणाल तीच गाडी,” ती म्हणाली.

पुंजाला त्या रात्री झोप लागली नाही. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं. मयूर नकळत त्याच्या मनातलंच बोलला होता. पण पुंजानं ते बोलायचं कसं? दोन वर्षांपूर्वी, पूर्वी कधीमधी पुंजाची जीप चालवणाऱ्या धनराजनं भाड्याला लावायला ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा भर टपरीवर तिला ‘पाय नसलेल्याची गाडी’ असं नाव पुंजानंच ठेवलं होतं. ते नाव इतकं चिकटलं की धनराज त्या टपरीवर चहाला थांबेनासा झाला. ज्योत्स्नाला हे सगळं ठाऊक होतं. बाबांनी ऑटोमॅटिक घे म्हटलं असतं तर ती एकच प्रश्न विचारणार होती: का?

जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा कुंदन पुंजाकडेच शिकलेला. पेठ रस्त्यावर पत्र्याच्या शेडखाली त्याच्या गाड्या उभ्या असत. रविवारी त्यानं दोन गाड्या पुसून समोर आणल्या. दोन्ही पांढऱ्या, पेट्रोलच्या, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या. एकीत तीन पॅडल, एकीत दोन.

पुंजा दोन पॅडलच्या गाडीभोवती दोनदा फिरला. टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडून पाहिलं. मग पाठ फिरवूनच म्हणाला, “ही पन वाईट नाय. तुला सोपी पडंल, बाय.”

ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत राहिली. “तुम्ही म्हणताय हे?”

“उस्ताद माझी परीक्षा बघताहेत,” कुंदन हसत म्हणाला. “मी ही गाडी गळ्यात मारतो का ते. नाही हो उस्ताद, तुमच्या लेकीला पाय नसलेल्याची गाडी देईन होय मी?”

ज्योत्स्नाही हसली. तिला गिअरचीच गाडी हवी होती. लहानपणी जीपमध्ये बापाच्या शेजारी बसून तिनं त्याचा अनवाणी पाय पाहिला होता, डोळे मिटून क्लच सोडणारी पोरं पाहिली होती. पाड्यावरच्या पोरांना ते शिकवलं गेलं आणि तिला नर्सिंगला पाठवलं गेलं. आता तिला तेच शिकायचं होतं, त्याच माणसाकडून. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण पुंजाला ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं आणि त्याच्या तोंडातले शब्द परत गेले.

घाटात नेऊनच बघा, असं म्हणून कुंदननं तीन पॅडलच्या गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली आणि स्वतः मागे बसला; ज्योत्स्ना पुढे बापाशेजारी बसली. पुंजानं डावी चप्पल काढली. खाली वाकून पाय नीट क्लचवर ठेवला, डोळ्यानं पाहून घेतला. मग गाडी सुरू केली.

सुरू झाली की नाही, हेच त्याला आधी कळलं नाही. काचा बंद, एसी चालू, आणि इंजिन म्हणजे शेजारच्या खोलीत कोणीतरी कुजबुजावं तसं. त्यानं जास्तच रेस देऊन गाडी काढली.

“रेस थोडी कमी, उस्ताद. ही तुमची जीप नाही,” मागून कुंदन म्हणाला.

सरळ रस्त्यावर निभावलं. एकदा टॉपचा गिअर पडला की क्लचचं काम नसतं. घाट उतरतानाही निभावलं. खालच्या टपरीपाशी त्यांनी चहा घेतला आणि गाडी वळवली. गाडीत बसताना पुंजानं पुन्हा खाली पाहिलं, पाय ठेवला, एसी बंद केला आणि काच खाली करायला सांगितली. गरम वारा आत आला. ज्योत्स्नानं कारण विचारलं. गाडीचं इंजिन ऐकावं लागतं, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

अर्धा घाट चढल्यावर वळणावर रांग लागलेली दिसली. वर कुठंतरी ट्रक बंद पडला होता आणि एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. पुंजानं एसटीच्या मागे गाडी थांबवली. चढ चांगलाच उभा होता. आरशात त्यानं पाहिलं, तर एक मोटरसायकल त्याच्या गाडीला जवळजवळ टेकून उभी होती. मागे एक बाई पिशवी मांडीवर घेऊन एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिच्यामागे मालाचा टेम्पो. मोटरसायकलवाल्याला मागे सरकायला जागा नव्हती.

पाच मिनिटांनी एसटी हलली. तिच्या इंजिनाच्या गुरगुरण्यानं सगळा घाट भरून गेला. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पुंजानं पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हातात धरला, क्लच सोडायला लागला आणि ऐकायला लागला.

काहीच ऐकू आलं नाही. फक्त एसटी आणि हॉर्न.

त्यानं रेस दिली. आवाज वाढला की नाही ते समजेना. गाडीला एक हिसका बसला, ती थरथरली आणि बंद पडली. हँडब्रेक अर्धवट सुटलेला होता; गाडी हातभर मागे गेली. मागून बाईची किंकाळी आली आणि डिकीवर धाडधाड थापा पडल्या. पुंजानं दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. गाडी थांबली.

“आहो, मारता का काय आम्हाला?” मोटरसायकलवाला ओरडत होता.

पुंजाच्या बनियनमधून घाम वाहत होता. आरशातली नजर न काढता त्यानं डाव्या पायानं सगळा जोर लावून क्लच दाबला आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा फिरवली. नाही.

“उस्ताद, क्लच दाबा की,” कुंदन म्हणाला. “या गाडीला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही.”

“दाबलाय.”

“समोर लिहून येतंय बघा. नाही दाबलेला.”

“दाबलाय म्हन्तो ना,” पुंजा म्हणाला. आणि खरंच, त्याची मांडी ताठ झाली होती, गुडघा थरथरत होता, एवढा जोर त्यानं लावला होता.

ज्योत्स्नानं खाली पाहिलं. नव्या गाड्यांत क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला एक पक्की पायरी असते. बापाचा अनवाणी पाय त्या पायरीवर होता. बोटं वाकडी झाली होती आणि नखं दाबून पांढरी पडली होती. क्लच चार बोटं बाजूला मोकळा होता. तिनं पायाकडे पाहिलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हाताची बोटं नकळत हँडब्रेकवरच्या त्याच्या हातावर जाऊन बसली.

तिची नजर जिथं गेली तिथं पुंजाचीही गेली. आपला पाय त्याला दुसऱ्या कोणाचा असावा तसा दिसला.

हॉर्न चालूच होता. अजून एक वाट होती. पाय उचलून नीट ठेवायचा, चप्पल नव्हती म्हणून घसरला म्हणायचं, आणि पुन्हा प्रयत्न करायचा. कुंदननं ते मानलं असतं. ज्योत्स्नाही कदाचित सगळ्यांसमोर बोलली नसती. पुंजानं आरशात पाहिलं. ती बाई मोटरसायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला, पिशवी छातीशी धरून उभी होती. तिचा नवरा तेवढा गाडीमागे अडकलेला होता.

“कुंदन,” पुंजा म्हणाला, “उतर आन् मागच्या चाकाला दगड लाव. मग इथं येऊन बस.”

“काय झालं उस्ताद?”

“पाय मेलाय माझा. दिवाळीपासून. कुठं ठेवलाय ते मला समजत नाय.”

कुंदन उतरला, कडेचा दगड आणून चाकामागे लावला, टेम्पोवाल्याला हात करून थांबवलं. पुंजा दाराला धरून उतरला, गाडीच्या आधारानं मागे गेला आणि मोटरसायकलवाल्याला हात जोडले. तो माणूस शिव्या द्यायच्या तयारीत होता. पण गाडीवाला उतरून हात जोडतोय म्हटल्यावर नुसता बघत राहिला. मग पुंजा मागच्या सीटवर जाऊन बसला. एकतीस वर्षांत तो घाटात मागच्या सीटवर कधी बसला नव्हता. कुंदननं एका दमात गाडी वर काढली. क्लच कुठं पकडतो ते त्याला बरोबर ठाऊक होतं. ते त्याला पुंजानंच शिकवलं होतं.

घाटमाथ्यावर सावली बघून ज्योत्स्नानं गाडी थांबवायला लावली. ती मागे आली, दार उघडून खाली उकिडवी बसली आणि बापाचा डावा पाय मांडीवर घेतला. तळव्याला जुन्या भाजल्याचा डाग होता. असे न कळता भाजलेले पाय तिनं केंद्रात पाहिले होते.

“डोळे मिटा,” ती म्हणाली.

पुंजानं डोळे मिटले. तिनं गाडीच्या चावीचं टोक टाचेपासून अंगठ्यापर्यंत ओढलं.

“कळतंय?”

“ओढतीस का?”

तिनं पुन्हा ओढलं, जरा जोरात. त्यानं नाही अशी मान हलवली. मग उजवा पाय घेतला. तिथं चावी टेकताच त्यानं पाय झटकन मागे घेतला. ज्योत्स्नानं हे दोन-तीनदा केलं, केंद्रात एखाद्या पेशंटचं करावं तसं. कुंदन लांब जाऊन उगाच फोन बघत उभा राहिला. डॉक्टर, सीटखाली दडवलेला फोटो, कानानं चालवलेली जीप, सगळं पुंजानं डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “त्या जीपमध्ये रोज नऊ बाया असतात, बाबा. त्यातल्या तिघींची बाळंतपणं मी केलीत.”

पुंजानं डोळे उघडले.

“उद्या सकाळी कोण नेणार त्यांना?”

हंगामाचे अजून आठ दिवस बाकी होते. पहाटे पाचला बाया डबे घेऊन रस्त्यावर उभ्या राहणार होत्या. जीप कोणाच्या हातात द्यावी ते पुंजानं मनात फिरवून पाहिलं. त्या जुन्या डब्याचा क्लच समजून घेणारी जवळपासची माणसं दोनच, एक कुंदन, आणि कुंदनला दुकान. पुंजानं खिशातून फोन काढला. नंबर होता, पण दोन वर्षं लावला नव्हता.

“धनराज, पुंजा बोलतोय. उद्यापासून आठ दिवस माझी जीप गिरणाऱ्याला न्यायची. नेशील का?”

धनराजनं विचारलं, “आन् तू कुठं चाललास?”

“कुठं नाय. माझा डावा पाय गेला.” पुंजा थांबला. “टपरीवर मीच नाव ठिवलं होतं. आता तू ठिव.”

धनराज हसेल म्हणून त्यानं फोन कानापासून जरा लांब धरला. हसण्याचा आवाज आला नाही. सेकंदाचा गिअर अजून कडक लागतो का, एवढंच धनराजनं विचारलं. लागतो, आधी थोडी रेस दे मग टाक, पुंजानं सांगितलं. पहाटे पावणेपाचला ये, चावी भागीबाईकडे असेल.

संध्याकाळी कुंदनच्या शेडवर ज्योत्स्नानं दोन पॅडलच्या गाडीची चावी मागितली. मयूरला तिनं फोनवर इतकंच सांगितलं की बाबांनी ऑटोमॅटिक ठरवलीय. डॉक्टरकडे परवाच जायचं होतं. ऑपरेशन होईल, पाय येईल, नाही येईल. या गाडीला डावा पाय लागत नसला तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत पुंजानं तिच्याही स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे तिनं कुंदनसमोर बजावलं. पुंजानं ते ऐकून घेतलं. त्यालाही आज वाद घालायचा नव्हता.

ती चालवायला बसली, तो शेजारी. सवयीनं तिचा डावा पाय क्लच शोधत गेला आणि रुंद ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी गचकन थांबली. पुंजाचं डोकं पुढे गेलं.

“डावा पाय मांडीखाली घाल,” तो म्हणाला. “बैलगाडीत बसतीस तशी बस. दोन दिवसांत त्याची खोड जाईल.”

तिनं डावी चप्पल काढली आणि पाय दुमडून घेतला. शेडमधून रस्त्यावर यायला छोटा चढ होता. गाडी चढली, इंजिनाचा आवाज वाढत गेला, वाढतच गेला. पुंजानं काच खाली केली आणि कान दिला.

“आता रेस जराशी सोड. बदलंल ती.”

तिनं सोडली. गाडीनं आपणहून गिअर बदलला, हिसका न देता.

“आता दे,” पुंजा म्हणाला.

म्हसरूळच्या फाट्यावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं खाली वाकून पाहिलं. डावी चप्पल त्याच्या पायात होती. ती पायात आहे की नाही, हे बघायला आता डोळेच लागणार होते. त्यानं ती हातानं नीट बसवली आणि सरळ होऊन समोर बघू लागला.